अर्ध्या ‘र’चा घोटाळा

पियानोच्या तारा जुळवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे तिखटकाने म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव विजेच्या बिलावर छापून येई, आणि बिल बायको भरत असल्यामुळे ते बहुधा तिला एकटीलाच आठवत असावं. कान तिखट, म्हणून तिखटकाने. तरुणपणी एकदा भर कार्यक्रमात उभं राहून त्यांनी छताकडे बोट दाखवलं होतं आणि “तो कोपऱ्यातला पंखा बेसूर फिरतोय” असं जाहीर केलं होतं. लोकांनी आधी हसून घेतलं, मग पंखा उतरवून पाहिला, तर खरोखरच त्याचं एक पातं वाकलेलं निघालं. त्या एका पंख्याच्या वाऱ्यावर तिखटकाने जन्मभर मिरवले. शेजारणीच्या कुकरची शिट्टी किती उतरलीय, मेहुण्याची मोटरसायकल कोणत्या पट्टीत खोकते, घरातला फ्रीज कुठल्या सुरात घुमतो, असली माहिती ते न विचारता देत, आणि फुकटची असल्यामुळे लोकही ऐकून घेत.

त्यांच्या दुकानाचं नाव ‘तारा केंद्र’. पाटीवर तेवढंच, बाकी चार शब्द लिहिण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. आत शिरलं की डिंकाचा आणि लोकरीच्या पट्ट्यांचा वास यायचा. भिंतीवर तारांची वेटोळी टांगलेली, मधोमध पोट उघडून बसलेले दोन-तीन पियानो, आणि त्यांतल्या एकाच्या पोटात डोकं घालून बसलेली लेक. तिखटकान्यांनी तिला हाताखाली घेऊन तयार केली होती. तांब्याचा वेढा दिलेल्या खर्जाच्या जाड तारा ती बसवायची, मधली सप्तकं ती जुळवायची. उजव्या टोकाच्या अगदी आखूड, बोटभर तारा मात्र तिखटकाने कोणाला शिवू देत नसत.

“तिथं कान लागतो,” ते म्हणायचे. “तुझा अजून कच्चा आहे.”

मग ते स्वतः बसत, किल्लीनं खुंटी इकडून तिकडे पीळत, डोळे मिटत, मान हलवत आणि शेवटी किल्ली खिशात टाकून म्हणत, “झालं.” त्या ‘झालं’ला किंमत होती. शहरातल्या मोठ्या सभागृहाचे व्यवस्थापक ते ‘झालं’ ऐकल्याशिवाय वादकाला पियानोजवळ फिरकू देत नसत, आणि त्या सभागृहाच्या वर्षाच्या कामावरच तारा केंद्राची चूल पेटत होती.

आता पुढची गोष्ट हळू आवाजात सांगायला हवी, म्हणजे तिखटकान्यांना ऐकू जायची नाही. खरं तर मोठ्यानं सांगितली तरी जाईलच अशी खात्री नाही.

गेली दोनेक वर्षं पियानोच्या शेवटच्या पट्ट्या दाबल्या की त्यांना नुसतं ‘ठक’ ऐकू यायचं. हातोडी तारेवर आपटल्याचा लाकडी आवाज, बस्स. सूर गायब. पहिल्यांदा त्यांना वाटलं, तारच वाईट. तारवाल्या व्यापाऱ्याला त्यांनी खरमरीत शब्दांत सुनावलं आणि अख्खं वेटोळं परत धाडलं. दुसरं आलं, तेही मुकंच. तेही परत गेलं. मग लक्षात आलं की खिडकीतले पक्षीही हल्ली गात नाहीत. बायको शब्द गिळायला लागलीय. दाराची बेल, घड्याळाचा गजर, सगळ्यांच्या बनावटीत खोट आलीय. थोडक्यात, तिखटकाने ठणठणीत होते, जगच मुकं होत चाललं होतं.

पण एकटे असले की त्यांना ठाऊक असायचं. जीभ गेलेल्या आचाऱ्याच्या हातचं कोण जेवणार? सभागृहवाल्यांना कळलं की काम जाणार, आणि काम जाण्याहून वाईट म्हणजे लोक पाठीवर हात ठेवून मोठ्यानं, सावकाश बोलायला लागणार. त्यांचा एकच आधार होता: आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती. कान नसला तरी हाताला सवय आहे, बोटंच सूर ओळखतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

आणि अशात एके दिवशी दुकानात फोन वाजला.

“नमस्कार, तारा केंद्र ना? मी शाळेतून बोलतेय, विज्ञान शिकवते. बसमधून जाता-येता तुमची पाटी बघते. आमच्या मुलांना ताऱ्यांविषयी थोडं सांगायला याल का?”

बाई म्हणाल्या ‘ताऱ्यांविषयी’. तिखटकान्यांच्या कानात पोचलं ‘तारांविषयी’. मधला अर्धा ‘र’ पुरा झाला आणि त्याला लगडलेला ‘य’ वाटेत कुठेतरी गळून पडला. आता ज्याच्या दुकानात भिंतभर तारा टांगल्यात, त्याला यात संशय घेण्यासारखं काय वाटणार? आणि पाटीवर ‘तारा केंद्र’ लिहिणाऱ्या माणसाकडे आकाशाचा अभ्यास नसेल, असं बाईंना तरी का वाटावं? दोघंही आपापल्या जागी शहाणे होते. घोटाळे बहुतेक अशाच लोकांत होतात.

“येतो की,” तिखटकाने म्हणाले. “जन्म गेलाय त्यातच.”

“वा! मुलांना प्रत्यक्ष काही दाखवता येईल?”

“पिशवीत घालून आणतो.”

बाई हसल्या. “मुलं फार विचारतात हो, खरंच तुटतात का म्हणून.”

“तुटतात तर! गेल्याच महिन्यात माझ्या हातात तुटली एक. गालावर हा एवढा वळ उठला.”

बाई आणखी हसल्या. “आणि एवढ्या लांबून आपल्यापर्यंत पोचायला किती काळ लागतो, तेही सांगा.”

“बोटीनं महिना-दीड महिना. कस्टमवाल्यांच्या हातात सापडलं की मग देवच जाणे.”

“तुम्ही मुलांना फार आवडणार!” असं म्हणून बाईंनी दिवस आणि वेळ सांगितली आणि फोन ठेवला. तिखटकाने खूश झाले. विनोद केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण दाद मिळालेली कोणाला नको असते?

लेकीनं पियानोच्या पोटातून डोकं बाहेर काढलं. “कोण होतं?”

“शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. तारांवर बोलायला बोलावलंय.”

“विज्ञानाच्या बाईंनी? तारांवर?” लेकीनं विचारलं. “बाबा, ‘ताऱ्यांवर’ नाही ना म्हणाल्या?”

तिखटकान्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे मला ऐकू येत नाही, असं म्हणायचंय तुला?”

“तसं नाही…”

“मग कसं?”

“एक फोन करून विचारून घ्या की,” आतून चहा घेऊन येणारी बायको म्हणाली. हे वाक्य तिखटकान्यांना खरोखरच ऐकू गेलं नाही की त्यांनी जाऊ दिलं नाही, हे सांगणं कठीण आहे. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा असतो.

“मी पण येते बरोबर,” लेक म्हणाली. “पिशवी जड होईल.”

ठरलेल्या दिवशी बापलेक शाळेत पोचले. पिशवीत तारेचं एक वेटोळं होतं, सूर तपासायचे दोन नादकाटे होते, आणि एका फळीवर निरनिराळ्या लांबीच्या तारा ताणून तिखटकान्यांनी खास मुलांसाठी बनवलेलं एक वाद्यासारखं काहीतरी होतं. त्यावर त्यांनी दोन संध्याकाळी खपून मेहनत घेतली होती. वर्गाचं दार उघडलं आणि त्यांचा पाय उंबऱ्यावरच अडला. सगळे पडदे ओढलेले. छताला काळा कागद चिकटवून त्याला टाचणीनं भोकं पाडलेली, आणि वरच्या दिव्याचा उजेड त्या भोकांतून लुकलुकत होता. दोऱ्यांना टांगलेले रंगीत चेंडू. फळ्यावर रंगीत खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ताऱ्यांच्या दुनियेत पाहुण्यांचं स्वागत’.

डोळ्यांना मात्र काही झालेलं नव्हतं. फळ्यावरचा अर्धा ‘र’ त्यांना लख्ख दिसला.

अजूनही सरळ वाट होती: ‘बाई, माझा घोटाळा झाला’ म्हणायचं आणि हसून मोकळं व्हायचं. पण घोटाळा झाला म्हणजे ऐकण्यात झाला, आणि ऐकण्यात झाला म्हणजे… लेक कानाशी काहीतरी कुजबुजली. “हो हो, माहीत आहे मला,” असं म्हणून ते तिला तिथंच सोडून ताडताड पुढे गेले आणि मुलांसमोर उभे राहिले. अकलेचे तारे तोडणं म्हणजे काय, ते त्या वर्गानं त्या दिवशी अगदी शब्दशः पाहिलं.

“तारा,” तिखटकाने म्हणाले आणि थांबले. मुलं वाट पाहू लागली. “तारा हा फार लांब असतो.”

इथवर ठीक होतं. मुलांनी माना डोलावल्या.

“तर ताऱ्यात मुख्य काय असतं? ताण! एकीकडून ओढ हवी आणि दुसरीकडून तिला टक्कर देणारं काहीतरी हवं. दोन्हींचा तोल बिघडला की तारा कामातून गेला.”

“बरोब्बर!” मागून बाई आनंदानं म्हणाल्या. “बघा मुलांनो, आपण शिकलो होतो ना? गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत ओढतं आणि आतल्या आगीचा दाब त्याला बाहेर ढकलतो. दोन्ही सारखे असतात म्हणून तारा टिकतो.”

“तेच म्हणतोय मी,” तिखटकाने म्हणाले. त्यांना जरा धीर आला. “आणि दुसरं, लोखंड सांभाळायचं. गंज चढला की संपलंच. कितीही मोठा तारा असू दे.”

बाई क्षणभर गोंधळल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. “अगदी! मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंड तयार होतं, आणि मग तो जळू शकत नाही, कोसळतो. किती सोप्या भाषेत सांगितलंत!”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या लेकीनं तोंडावर रुमाल धरला. तिचे खांदे हलत होते. तिखटकान्यांनी तिकडे बघायचं टाळलं. एकदा गाडी उताराला लागली की लागली. सैल असला की उतरतो, ताणला की चढतो, असं ते म्हणाले. त्यावर बाईंनी सांगितलं की उजेड हीसुद्धा लाटच असते, सावकाश थरथरणारी लाट तांबडी दिसते आणि भराभर थरथरणारी निळी, म्हणून थंड तारे तांबूस आणि तापलेले निळसर. आपण एवढं सगळं बोललो, याचं तिखटकान्यांनाच कौतुक वाटायला लागलं.

पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. अशी प्रत्येक वर्गात एक असते. तिनं हात वर केला.

“काका, ताऱ्यांचा आवाज होतो का?”

“होतो म्हणजे? प्रत्येक ताऱ्याचा सूर ठरलेला असतो. मोठ्याचा खर्ज, लहानाचा वरचा.”

“पण बाईंनी सांगितलंय की तिकडे हवाच नसते. आणि हवा नसली तर आवाज येतच नाही.”

“म्हणून तर तुला ऐकू येत नाही!”

वर्ग हसला. मुलीचं समाधान झालं नाही, पण उत्तरात चूकही सापडेना. बाई पुन्हा मदतीला धावल्या. तारे आतून खरोखरच घंटेसारखे थरथरत असतात, त्या म्हणाल्या, पण आवाजाला चालायला हवा, पाणी, लाकूड असं काहीतरी लागतं. रिकाम्या जागेतून तो पाऊलही टाकू शकत नाही. उजेडाला मात्र असलं काही लागत नाही, तो रिकाम्या जागेतून धावतच येतो. पण अंतरच एवढं की यायला वर्षानुवर्षं लागतात. एखादा फार लांबचा तारा तिकडे केव्हाच विझलेला असू शकतो, आणि आपल्याला तो इथून अजून दिसत राहतो.

मुलं छताच्या भोकांकडे बघायला लागली. तिखटकानेही वर बघत राहिले. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचं लपवायलाही ते विसरले.

“आवाजाचा विषय निघालाच आहे, तर आता आवाजाच्या लाटा!” बाई म्हणाल्या. “काका, पिशवीत काय काय आणलंय?”

आता खरे तिखटकाने सुरू झाले. त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटला, त्याचं बूड टेबलावर टेकवलं, आणि सगळं टेबल गुणगुणायला लागलं. मुलांना त्यांनी टेबलावर कान ठेवायला लावले, मग हात ठेवायला लावले, मग एका धीट मुलाला पट्टी दातांत धरायला लावून तिच्यावर काटा टेकवला. “डोक्यातच वाजतंय!” तो किंचाळला. तारांच्या फळीवर सगळ्यांची झुंबड उडाली. लांब तार सावकाश थरथरते, तिचा आवाज खाली. आखूड तार भराभर थरथरते, तिचा वर. जवळजवळ सारख्या दोन तारा एकदम छेडल्या की आवाज कसा हिंदकळतो, आणि एकीची खुंटी पिळत गेलं की ते हिंदकळणं संथ होत होत कसं थांबतं, तेही त्यांनी दाखवलं. हे सगळे खालचे सूर होते, त्यांना स्वच्छ ऐकू येत होते. ते इतके रंगात आले की कशाला घाबरून आलो होतो, तेच विसरले.

तेवढ्यात बाईंनी कपाटातून एक डबी काढली आणि डबीतून एक छोटं यंत्र.

“हे यंत्र एकच सूर काढतं आणि तो हळूहळू वर चढवत नेतं. सगळ्यांनी उभं राहायचं, हात वर करायचा, डोळे घट्ट मिटायचे. ऐकू येणं थांबलं की हात खाली, डोळे उघडायचे आणि गुपचूप खाली बसायचं. काका, तुम्हीही या हं! मुलांनो, बघू या तुमचे कान जास्त चांगले की काकांचे!”

मुलांनी टाळ्या पिटल्या. लेक पटकन पुढे झाली, “बाबा, आपल्याला उशीर होतोय…” पण टाळ्यांच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

तिखटकान्यांनी हात वर केला आणि डोळे मिटले. सूर सुरू झाला, चढत गेला. छान होता. मग बारीक झाला, सुईएवढा झाला, आणि सुई दिसेनाशी व्हावी तसा गेला. काळोखात ते एकटेच उरले. आता? पोरासोरांच्या आधी हात खाली आणायचा? शेंबड्या पोरांच्या आधी? त्यांनी विचार केला: मुलं बसायला लागली की बाकं करकरतील, कुजबुज होईल, तेव्हा आपणही दोघा-तिघांच्या मागून शहाण्यासारखं बसू. बेत चांगला होता. फक्त तो ज्या कानांच्या भरवशावर आखला होता, तेच कान फितूर होते.

मग त्यांनी चेहऱ्यावर किंचित हसू आणलं. मान हलवायला सुरुवात केली. फार वरचा, फार नाजूक सूर ऐकताना जाणकार माणूस हलवतो तशी.

सूर वर जात राहिला. बाईंनी आधी हात खाली केला, मग लेकीनं, मग एकेक करून मुलांनी. शेवटी दोन वेण्यांची मुलगीही बसली. बाईंनी बटण दाबून यंत्र बंद केलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं. आणि वर्गाच्या मधोमध, छताच्या टाचणीएवढ्या ताऱ्यांखाली, तिखटकाने हात वर करून, डोळे मिटून, मान डोलावत उभे होते.

“काका,” बाई हळूच म्हणाल्या.

तिखटकान्यांनी मान डोलावली.

शेवटी कोपराला कोणाचा तरी हात लागला. त्यांनी डोळे उघडले. लेक समोर उभी होती आणि सगळा वर्ग खाली बसून त्यांच्याकडे बघत होता. डबीचं झाकण लागलेलं होतं.

“आईशप्पथ!” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. “काकांना बंद यंत्राचापण आवाज येतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं सांगायचं तर तिखटकाने त्या टाळ्यांवर तरून गेले असते. पंख्यानंतरचा दुसरा किस्सा आयता चालून आला होता. बाईंना सगळं कळलं होतं आणि भल्या असल्यामुळे त्या यंत्राच्या डबीकडे बघत होत्या. तिखटकान्यांनी लेकीकडे पाहिलं. ती आता दचकलेली असेल, असं त्यांना वाटलं. पण तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. जराही नव्हतं.

“नाही रे बाळांनो,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “मला काही येत नव्हता आवाज. फार आधीच थांबला होता.”

दोन वेण्यांच्या मुलीनं कपाळाला आठ्या घालून हिशेब जुळवला आणि हात वर न करताच बोलली.

“म्हणजे काकांचं त्या ताऱ्यासारखं झालं. तिकडे केव्हाच विझलाय, आणि इकडे आपल्याला अजून दिसतोय.”

सगळ्यांत आधी तिखटकानेच हसले. हसले नसते तर मुलांसमोर डोळ्यांतून पाणी आलं असतं. तसं ते थोडं आलंच, पण हसण्यात खपून गेलं.

दोघं परत निघाले. पिशवी दोघांच्या मध्ये, एक बंद बापाच्या हातात, एक लेकीच्या.

“तुला माहीत होतं,” तिखटकाने म्हणाले.

“हो.”

“मग वरच्या तारा? मी जुळवलेल्या?”

लेकीनं उत्तर द्यायला चार पावलं घेतली. “तुम्ही ‘झालं’ म्हणून हात धुवायला जाता ना, तेव्हा मी बघते.”

“बघते म्हणजे?”

“परत जुळवते.”

“माझ्या पाठीमागे? चोरून?”

“मग काय दवंडी पिटून जुळवू?”

तिखटकाने रस्त्यातच थांबले. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, ती त्यांना ऐकू आली नाही. लेकीनं त्यांना बाजूला ओढलं. “आणि सभागृहात? तिथं तर मी हात धुवायला जात नाही,” तिखटकाने म्हणाले.

“तिथं मी व्यवस्थापकांना सांगून ठेवते, बाबांना पंख्याची गोष्ट सांगायला आवडते, विचारा म्हणून. तुम्ही त्यांना बाहेर नेऊन सांगता. गोष्ट संपेपर्यंत होतं माझं.”

“तरीच तो दर वेळी विचारतो! मला वाटायचं, आवडते त्याला.” तिखटकाने हतबुद्ध झाले. दोन वर्षांत एकही तक्रार न आल्याचा तो आधार, तो हाताच्या सवयीचा भरवसा, सगळं एका झटक्यात कोसळलं, आणि ढिगाऱ्याखालून लेक निघाली. “तुझ्या आईला ठाऊक आहे?”

“तिनंच सांगितलं मला. म्हणाली, मी काही शब्द गिळत नाही गं, यांच्याच कानांचं बघ काय ते.”

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, “कान कच्चा आहे म्हणायचो, तेव्हा राग यायचा?”

“रोज,” लेक म्हणाली.

घराचा कोपरा आला तेव्हा तिखटकाने म्हणाले, “त्या तारवाल्याची माफी मागायला पाहिजे. दोन वेटोळी परत केली बिचाऱ्याची.”

आठवड्याभरानं सभागृहात कार्यक्रम होता. रंगमंचावर काळा पियानो झाकण उघडून उभा, समोर रिकाम्या खुर्च्या, आणि एका बाजूला हातात किल्ल्यांचा जुडगा खेळवत व्यवस्थापक. तिखटकान्यांनी खर्ज जुळवला, लेकीनं मधली सप्तकं जुळवली, आणि मग नेहमीप्रमाणे ती उठून बाजूला झाली. व्यवस्थापक आज ‘झालं’ व्हायच्या आधीच खाकरले.

“काका, ती पंख्याची गोष्ट काय होती हो?”

“आज नको,” तिखटकाने म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि लेकीपुढे धरली. “वरचं बघ.”

लेक जागची हलली नाही.

“हे काय?” व्यवस्थापक म्हणाले. “वरचं तर तुम्ही करता. आज मोठा वादक आहे काका, प्रयोग नकोत.”

“मला वरचं ऐकू येत नाही,” तिखटकाने म्हणाले. सभागृह रिकामं असल्यामुळे ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आलं. “दोन वर्षं झाली. दोन वर्षं हीच जुळवतेय, तुम्ही माझी गोष्ट ऐकत होतात तेव्हा. आली कधी तक्रार?”

व्यवस्थापकांनी किल्ल्यांचा जुडगा खेळवणं थांबवलं. “तक्रार… नाही आली.”

“मग बसा त्या खुर्चीत.”

व्यवस्थापक बसले. वर्षाच्या कामाचं काय होणार, ते त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. लेकीनं किल्ली घेतली आणि उजव्या टोकाशी बसली. तिखटकाने शेजारी उभे राहिले आणि त्यांनी पियानोच्या लाकडावर तळहात टेकवला. ती एकेक पट्टी दाबत होती, खुंटी केसभर पीळत होती, पुन्हा दाबत होती. त्यांच्या हाताला हातोडीचा धक्का कळत होता, कानाला नुसतं ‘ठक’, ‘ठक’, ‘ठक’. पण तिची मान कशी कलते, दोन तारांचं हिंदकळणं थांबलं की तिचा श्वास कसा सुटतो, ते त्यांना दिसत होतं. या मुलीला आपण इतकी वर्षं शिकवलं आणि ऐकताना ती कशी दिसते, ते कधी पाहिलंच नाही, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं. हिचा कान पक्का होता. केव्हापासून होता, देव जाणे.

शेवटची पट्टी झाली. व्यवस्थापक सवयीनं तिखटकान्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. लेकही बघायला लागली.

“माझ्याकडे काय बघताय?” तिखटकाने म्हणाले. “मला कसं कळणार? तिला विचारा.”

लेकीनं किल्ली खाली ठेवली आणि पट्ट्यांकडे बघत काहीतरी पुटपुटली.

“मोठ्यानं म्हण,” तिखटकाने म्हणाले. “मलाही ऐकू येऊ दे.”

तिनं मान वर केली.

“झालं!” ती म्हणाली, आणि तिखटकान्यांनी पिशवी उचलली.